गुच्छ, गुल्म आणि कुत्र्याच्या छत्र्या

पावसाची पहिली झड ओसरली, दोन दिवस ऊन-पावसाचा खेळ झाला, की परसातल्या उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यावर, भिजलेल्या पेंढ्याच्या ढिगावर रातोरात छत्र्या उभ्या राहतात. घरातली मंडळी त्यांच्याकडे बघून फार तर एवढेच म्हणतात, ‘‘अरे वा, कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या!’’ मुले काडीने दोन-चार पाडतात आणि विषय संपतो.

कवकांचा अभ्यास करणारा माणूस मात्र तिथे गुडघे टेकून बसतो. रंग, आकार, वास या गोष्टी तो नंतर बघतो. आधी तो छत्र्या एकमेकींपाशी कशा उभ्या आहेत ते पाहतो. एकेकटी, हातभर अंतरावर? एकाच जागी पुष्कळ, पण प्रत्येकीचा देठ वेगळा? की सगळ्या देठांचे बूड एकच, मोळी बांधल्यासारखे? आणि बूड एक असेल, तर हलकेच ओढल्यावर देठ सुटे होतात की एकजीव होऊन गेले आहेत? हे तो वहीत तिथल्या तिथे लिहून ठेवतो. कारण छत्री उपटून पिशवीत टाकली, घरी नेऊन वाळवली, की रंग थोडाफार उरतो, बीजुके उरतात, पण ती कुणाच्या शेजारी कशी उभी होती ही गोष्ट कायमची जाते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाने वाळवलेल्या कवकांचा मोठा संग्रह आहे. तिथल्यासारख्या संग्रहात पाकिटावरच्या चिठ्ठीला म्हणूनच नमुन्याइतकी किंमत असते.

चिठ्ठीवर लिहायचे शब्द ठरलेले आहेत. एकेकट्याला ‘सॉलिटरी’, पांगलेल्यांना ‘स्कॅटर्ड’. एकाच जागी पुष्कळ पण सुट्या असतील, तर ‘ग्रिगेरियस’. बुडाशी एकत्र, पण ओढल्यास सुटणाऱ्या असतील, तर ‘सेस्पिटोज’. बुडाशी एकजीव झालेल्या ‘कॉनेट’. मोळीसारख्या ‘फॅसिक्युलेट’. झाडाच्या खोडावर एकीवर एक चढलेल्या असतील, तर ‘इम्ब्रिकेट’.

ऐकायला हे शब्द जडजंबाल वाटतात. पण त्यांची साल काढली तर आत निघते साधी रोमन शेतकऱ्याची बोली. ‘सेस्पिटोज’मधला ‘केस्पेस’ म्हणजे मुळांसकट कापून काढलेला गवताचा तुकडा. रोमन शिपाई छावणीभोवती तट रचायला हेच तुकडे वापरत. ‘ग्रिगेरियस’मधला ‘ग्रेक्स’ म्हणजे गुरामेंढरांचा कळप. ‘फॅसिस’ म्हणजे काठ्यांची जुडी. रोमन अधिकाऱ्यांपुढे ती मिरवत नेत आणि विसाव्या शतकात इटलीच्या मुसोलिनीने आपल्या पक्षाचे नाव त्याच कुळातल्या शब्दावरून घेतले. आणि ‘इम्ब्रेक्स’ म्हणजे चक्क छपराचे कौल! ज्यांनी हे शब्द आधी वापरले, त्यांनी आपल्या अंगणातल्याच वस्तू उचलल्या होत्या. शास्त्रीय वाटायला लागले ते पुढे, लॅटिन कुणाच्याही घरात बोलली जाईनाशी झाल्यावर.

एकच जीव, शंभर छत्र्या

छत्र्या अशा झुपक्याने का येतात? त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. आपण जिला छत्री म्हणतो ते कवकाचे केवळ फळ. खरा जीव म्हणजे मातीत, शेणात किंवा लाकडात पसरलेले पांढऱ्या तंतूंचे जाळे. आंब्याचे झाड जमिनीखाली आणि फक्त आंबे वर, अशी कल्पना केली म्हणजे झाले. ओल आणि उष्मा जमून आला की या जाळ्यात ठिकठिकाणी गाठी धरतात आणि त्यांच्या छत्र्या होतात. गाठी दूर दूर धरल्या तर छत्र्या सुट्या येतात. एकाच जागी, एकाच चिरेतून वीस-पंचवीस गाठींनी डोके वर काढले, तर झुपका होतो. तेव्हा झुपक्यातल्या छत्र्यांना भावंडे म्हणणेसुद्धा चूक. बहुधा त्या एकाच देहाचे अवयव असतात.

हा देह केवढा असू शकतो? अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या मॅलूर जंगलात ‘आर्मिलारिया’ या कवकाचे एकच जाळे सुमारे ९६५ हेक्टरांवर पसरलेले आढळले आहे. वर दिसतात त्या झाडांच्या बुंध्याशी आलेल्या मधाच्या रंगाच्या छत्र्यांच्या मोळ्या. खाली साडेनऊ चौरस किलोमीटरांचा एक जीव!

हिरवळीवर कधी कधी छत्र्यांचे गोल रिंगण दिसते, त्याचेही कारण हेच. जाळे मध्यापासून बाहेर सरकत जाते, मधले अन्न संपते आणि फळे फक्त कडेला येतात. युरोपातले लोक म्हणत, रात्री इथे पऱ्या नाचून गेल्या. आपल्याकडे मात्र पऱ्यांऐवजी कुत्रा आला. मराठीत ‘कुत्र्याची छत्री’ आणि हिंदीत तर सरळ ‘कुकुरमुत्ता’. कुत्रा जिथे पाय वर करतो तिथे ही उगवते, असा समज. कवकांविषयी आपल्या समाजाला वाटणारी किळस या एका शब्दात मुरलेली आहे.

पण छत्र्या कशा उभ्या आहेत याची नोंद हा केवळ शास्त्रज्ञांचा छंद नाही. त्यावर कधी कधी जीव अवलंबून असतो. भाताच्या पेंढ्यावर उगवणारी अळंबी आशियात शतकानुशतके खाल्ली जाते. ती उमलायच्या आधी अंड्यासारखी दिसते. ‘डेथ कॅप’ नावाची महाविषारी छत्रीही लहानपणी तशीच अंड्यासारखी असते. आग्नेय आशियातून अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेल्या लोकांनी ओळखीची पेंढ्यावरची अळंबी समजून हीच छत्री शिजवली आणि प्राण गमावले, अशा घटनांची नोंद आहे. पेंढ्यावरची अळंबी झुपक्याने, कुजत्या पेंढ्यात येते. डेथ कॅप झाडाखालच्या मातीत, एकेकटी किंवा पांगून येते. कुठे आणि कशी, हे दोन प्रश्न विचारले गेले असते तर शंका तरी आली असती.

मात्र याचा उलटा अर्थ कुणी काढू नये. झुपक्याने येणारी ती खाण्याजोगी, असा नियम अजिबात नाही. युरोपात जुन्या ओंडक्यांवर गंधकासारख्या पिवळ्या छत्र्यांच्या सुरेख मोळ्या येतात. त्या कवकाच्या शास्त्रीय नावातच ‘फॅसिक्युलेअर’, म्हणजे मोळीवाली, हा शब्द आहे आणि ती विषारी आहे. आपल्याकडे बागेच्या हिरवळीवर रिंगण करून येणारी, पांढरी, थाळीएवढी होणारी छत्री दिसायला मोठी मोहक; खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. चांदीचा चमचा काळा पडतो, तांदूळ तांबडे होतात, किड्यांनी खाल्लेली छत्री बिनविषारी असते, हे सगळे घरगुती ठोकताळे खोटे आहेत. डेथ कॅपचे विष शिजवूनही जात नाही. पहिली लक्षणे बहुधा सहा-बारा तासांनी दिसतात, मग दिवसभर बरे वाटल्यासारखे होते आणि तेवढ्या वेळात यकृत निकामी होत गेलेले असते. रानातली छत्री ओळखणारे अनुभवी माणूस सोबत नसेल, तर तिला हात न लावलेलाच बरा. त्रास झालाच, तर उरलेली भाजी किंवा छत्रीचा तुकडा घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

काशीत झालेली बारकाई

लॅटिनला जशी रोमन शेतकऱ्याची बोली मिळाली, तशी आपल्याला कोणती मिळाली? याचा शोध घेतला की वाट थेट वाराणसीला जाऊन पोचते.

काशी म्हटले की मराठी माणसाला विश्वनाथ आठवतो, गंगेची कावड आठवते, शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट आठवतात. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी आठवतात. वनस्पतींच्या वर्णनाचे शास्त्र काही कुणाला आठवत नाही. पण आयुर्वेदाची परंपरा सांगते, की सुश्रुताला शस्त्रक्रिया आणि औषधी शिकवणारा गुरू दिवोदास धन्वंतरी हा काशीचा राजा. त्या सुश्रुतसंहितेच्या पहिल्याच अध्यायात वनस्पतींचे चार वर्ग केले आहेत : वनस्पती, वृक्ष, वीरुध आणि ओषधी. यातल्या ‘वीरुध’ची ओळख देताना दोन शब्द येतात. एक, ‘प्रतान’ सोडत पसरणाऱ्या; आणि दुसऱ्या, ‘स्तंब’ करून राहणाऱ्या.

घरातली उदाहरणे घेतली तर हा भेद क्षणात कळतो. गणपतीला वाहायच्या दूर्वा जमिनीलगत धावत जातात, पेरापेराला मूळ धरतात, हा प्रतान. गवती चहा मात्र जागा सोडत नाही. एकाच ठिकाणी पातीला पाती लागून त्याचा ठोंब होतो, हा स्तंब. वाळ्याचेही तसेच. इंग्रजीतला ‘सेस्पिटोज’ हा शब्द गवताच्या बाबतीत वापरतात तो नेमका याच अर्थाने. ‘आब्रह्मस्तंबपर्यंत’ हा शब्द तर्पण करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेला असतो. ब्रह्मदेवापासून गवताच्या ठोंबापर्यंत, असा त्याचा अर्थ. गंगेच्या घाटावर रोज शेकडो माणसे ओंजळीत पाणी घेऊन या ठोंबाचे नाव घेतात. त्यातल्या कितीजणांना गवती चहा आठवत असेल कोण जाणे!

याहून बारीक काम केले ते कुल्लूकभट्टाने. हा मूळचा बंगालचा पंडित. मध्ययुगात काशीत, उत्तरेकडे वाहणाऱ्या गंगेच्या काठी बसून आपण मनुस्मृतीवरची टीका लिहिली, असे तो स्वतःच सांगतो. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात सृष्टीच्या उत्पत्तीच्या ओघात वनस्पतींची यादी येते आणि तिच्यात ‘गुच्छ’ आणि ‘गुल्म’ असे दोन शब्द लागोपाठ येतात. मूळ ग्रंथ तिथे थांबत नाही, पुढे जातो. कुल्लूक थांबतो. या दोहोंत फरक काय? तो सांगतो, की जिथे मुळापासूनच वेलींसारख्या फांद्यांचा समूह निघतो आणि खोड असे नसते, तो गुच्छ; उदाहरणार्थ मोगऱ्याच्या जातीची मल्लिका. आणि ज्यांचे मूळ एक, पण जे संघाताने, म्हणजे घोळक्याने, वर येतात ते गुल्म. उदाहरणार्थ शर नावाचे बोरू-गवत आणि ऊस.

कुल्लूक वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. तो धर्मशास्त्राचा टीकाकार होता. त्याच्यापुढचा प्रश्न शब्दार्थाचा होता. तरीही मोगरा आणि ऊस ही उदाहरणे निवडताना त्याने पोथीतून मान वर करून बाहेर बघितलेले दिसते. ‘एक मूळ आणि घोळक्याने वर’ ही त्याची व्याख्या आजच्या शास्त्रातल्या ‘सेस्पिटोज’च्या शेजारी ठेवली, तर फारशी दुरुस्ती करावी लागत नाही.

‘गुल्म’ हा शब्द तसा बहुरूपी. वैद्याच्या तोंडी तो पोटातला गोळा होतो. जुन्या युद्धशास्त्रात गुल्म म्हणजे नऊ हत्ती, नऊ रथ, सत्तावीस घोडे आणि पंचेचाळीस पायदळ अशी सैन्याची तुकडी. रोगाचा, शिपायांचा किंवा उसाचा, घोळका तो घोळकाच.

जे ताटात नाही, ते पोथीत

आता पुन्हा छत्र्यांकडे. याच मनुस्मृतीत पाचव्या अध्यायात लसूण, कांदा यांच्या पंक्तीत ‘कवक’ द्विजांना वर्ज्य सांगितले आहे. कवक म्हणजे छत्री. काशीच्या सोवळ्या स्वयंपाकघरांत ती शिरण्याचा प्रश्नच नव्हता. आणि तरी सुश्रुतसंहितेच्या अन्नपानाच्या अध्यायात तिची भाजी म्हणून रीतसर नोंद आहे आणि प्रकार पाडलेत ते ती कशावर उगवते त्यावरून : पेंढ्यावरची, उसावरची, वाळल्या शेणावरची, वेळूवरची आणि जमिनीतून आलेली. प्रत्येकीची चव आणि गुण वेगळे. पुढे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशातही ‘संस्वेदज’ भाजी म्हणून तिचा उल्लेख येतो. ती जमिनीवर, शेणावर, लाकडावर आणि झाडांवर उगवते, असे तिथे म्हटले आहे. ‘संस्वेदज’ म्हणजे घामातून, वाफेतून जन्मलेली. बी नाही, मूळ नाही, मग आली कुठून, या कोड्याचे ते त्या काळचे उत्तर.

कशावर उगवते त्यावरून वर्ग पाडणे ही पद्धत आजही मोडीत निघालेली नाही. शेणावर येणारी, लाकडावर येणारी, पालापाचोळ्यावर येणारी, असे गट कवकशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतात. सुश्रुताने पेंढ्याला ‘पलाल’ म्हटले आहे. उत्तर भारतात आज पेंढ्याला ‘पुआल’ किंवा ‘पराली’ म्हणतात, ते याच शब्दाचे नातू. पेंढ्यावरच्या या अळंबीची मुद्दाम लागवड भारतात सुरू झाली ती मात्र १९४० च्या दशकात, कोइम्बतूरला.

या जुन्या नावांचा आजच्या वनस्पतींशी मेळ घालण्याचे किचकट कामही वाराणसीतच झाले. काशी हिंदू विश्वविद्यालयात आयुर्वेद आणि वनस्पतिशास्त्र शेजारी शेजारी नांदत आले आहेत. तिथले ठाकूर बलवंत सिंह आणि के. सी. चुनेकर या दोघांनी चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांतल्या वनस्पतिनामांचा कोश सिद्ध केला. १९७२ साली तो वाराणसीत प्रसिद्ध झाला. चुनेकर हे आडनाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारले तर नवल नाही. भावप्रकाश निघंटूवरचे त्यांचे हिंदी विवेचन आजही आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांच्या हाती असते.

प्राणप्रद वायू आणि बेकनची सूत्रे

जुने शब्द नव्या शास्त्रासाठी वापरता येतील का, हा प्रश्नही पहिल्यांदा गंभीरपणे याच शहरात विचारला गेला. १७९१ साली स्थापन झालेल्या बनारसच्या संस्कृत पाठशाळेचे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जेम्स बॅलंटाइन हे प्रमुख होते. पाश्चात्त्य विज्ञान पंडितांच्या गळी उतरवायचे तर ते संस्कृतात सांगितले पाहिजे, असे त्यांचे मत. त्यासाठी शब्द घडवणे सुरू झाले. ऑक्सिजनला ‘प्राणप्रद’ असे नाव दिले गेले; श्वास देणारा तो प्राणप्रद. पंडित विठ्ठलशास्त्री यांनी तर फ्रान्सिस बेकनच्या ग्रंथाला संस्कृत वेश चढवला आणि बेकनच्या वचनांना ‘सूत्रे’ करून त्यांच्यावर शास्त्रीबुवांच्या थाटात व्याख्यान लिहिले. १८५२ च्या सुमाराचे हे काम. त्याच पाठशाळेत परांजपे घराण्यातले बापूदेवशास्त्री गणित शिकवत होते आणि हिंदीत बीजगणिताचे पुस्तक लिहीत होते.

बॅलंटाइन यांचे शब्द टिकले नाहीत. ‘प्राणप्रद’ गेला, ‘प्राणवायू’ राहिला. का? पंडितांनी आपापसात घडवलेला शब्द शाळेच्या फळ्यावर आणि बाजारात गेल्याशिवाय जगत नाही, हे त्याचे साधे कारण असावे.

पुढचा मोठा प्रयत्नही काशीचाच. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या नागरी प्रचारिणी सभेने १८९८ साली वैज्ञानिक शब्दांचा हिंदी कोश हाती घेतला. श्यामसुंदर दास यांच्या संपादनाखाली १९०६ मध्ये तो पुरा झाला. त्यातल्या अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम माधवराव सप्रे यांच्याकडे होते. हे तेच सप्रे, ज्यांनी पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. भूगोल, ज्योतिष, गणित, रसायन, पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे सात विषय कोशात आले. वनस्पतिशास्त्र मात्र राहून गेले. गुच्छ-गुल्माच्या गावात तयार झालेल्या कोशात गुच्छ-गुल्मालाच जागा मिळू नये, याला काय म्हणावे!

ती उणीव मराठीपुरती भरून निघाली ती काशीत नव्हे, तर दक्षिण काशी म्हणवणाऱ्या वाईत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय आले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाची तयारी सुरू झाली. विश्वकोशाचा पहिला खंड निघण्याआधी, १९७३ मध्ये, त्याचा परिभाषासंग्रह प्रसिद्ध झाला. आधी शब्द, मग ज्ञान. फुलांच्या मांडणीला तिथे ‘पुष्पबंध’ म्हटले गेले आणि त्याच्या प्रकारांना मंजरी, कणिश, गुलुच्छ, स्तबक अशी नावे मिळाली. तुळशीची मंजरी तर घरोघरची. कणिश म्हणजे आपले कणीस. सूर्यफूल हे एक फूल नसून शेकडो लहान फुलांचा गट्ठा, म्हणून तो स्तबक. आणि मनूने ताटातून हद्दपार केलेले ‘कवक’ इथे सगळ्या बुरश्या, छत्र्या, किण्वे यांचे शास्त्रीय नाव म्हणून सन्मानाने येऊन बसले. तंतूंचे जाळे ते ‘कवकजाल’.

प्रयोगशाळेत मात्र मराठी विद्यार्थी आजही ‘सेस्पिटोज’ आणि ‘ग्रिगेरियस’च म्हणतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नवी जात सापडली, तर तिचे वर्णन जगाने मान्य करावे यासाठी १९३५ पासून लॅटिन सक्तीची होती. २०१२ च्या जानेवारीपासून लॅटिन किंवा इंग्रजी, दोहोंपैकी कोणतीही चालते. इतर कोणत्याही भाषेतले वर्णन कितीही नेमके असले, तरी ग्राह्य धरले जात नाही.

‘ग्रिगेरियस’ हा शब्द तर मराठी मुलखाने नीट ओळखून असावा असाच आहे. छत्र्यांच्या बाबतीत तो जागेचा शब्द आहे, पण बांबू आणि कारवीच्या बाबतीत तो काळाचा होतो. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षे नुसती वाढते आणि मग एकाच वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे करून टाकते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ साली ती अशी फुलली होती. मिझोराममधला एक बांबू सुमारे ४८ वर्षांनी असाच सामुदायिक फुलतो. त्याचे बी खाऊन उंदरांची पैदास वाढते, ते उभी पिके फस्त करतात आणि माणसांवर उपाशी राहण्याची पाळी येते. १९५९ च्या तिथल्या दुष्काळाचे मूळ या फुलोऱ्यात होते. ‘घोळक्याने’ या एका शब्दावर धान्याची कोठारे आधीच भरून ठेवायची की नाही हे ठरते.

चूड, बेट, जाळी

कोशातल्या शब्दांची ही कथा. कोशाबाहेरचे शब्द याहून श्रीमंत आहेत. बांबूचे बेट असते, करवंदाची जाळी असते, केतकीचे बन, आंब्याची राई, फुलांचा ताटवा. केळीचा लोंगर आणि लोंगरातली फणी. द्राक्षांचा घड. कोथिंबिरीची जुडी, लाकडांची मोळी. गव्हाला, उसाला फुटवे येतात. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. करवंदाचे बेट किंवा बांबूची जुडी म्हणून पाहा, शाळेतले पोरही हसेल.

छत्र्यांनाही रानाजवळ राहणाऱ्या लोकांनी अशीच नावे दिली. कोकणात अळंबी, विदर्भात सात्या आणि टेकोडे. गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात, म्हणून वारुळावर येणारी ती ‘रोयणीची अळमी’. हे नाव ठेवणाऱ्यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. ही अळंबी वारुळाखेरीज कुठे येत नाही, कारण वाळवी आपल्या घरात तिचे कवकजाल जोपासते. वाळवी तिला कुजका पाला पुरवते आणि तिच्यावर स्वतः जगते. माणसाला हिची शेती अजून साधलेली नाही. हिच्याच कुळातली एक अगदी इवली जात शेकड्यांनी येते आणि जमीन पांढऱ्या चुरमुऱ्यांनी झाकल्यासारखी दिसते.

या शब्दांपैकी एक मात्र कुणी मुद्दाम न नेता शास्त्रात जाऊन बसला आहे. कोकणात भाताची रोपे लावताना दोन-तीन रोपे एकत्र धरून चिखलात खोवतात. त्या झुपक्याला ‘चूड’ म्हणतात. पुढे त्याला फुटवे येऊन त्याचा ठोंब होतो. कुल्लूकभट्टाने पाहिला असता तर त्याने बहुधा त्याला गुल्म म्हटले असते. चारसूत्री भातलागवडीची पद्धत आली, तेव्हा खताची गोळी नेमकी कुठे खोचायची हे शेतकऱ्याला सांगायचे होते. कृषी खात्याच्या पत्रकांत ते अजून तसेच छापले जाते : चार चुडांच्या मधोमध, एक गोळी.